घरी केस कापायला मशीन कोणतं घ्यावं? (खारं वारं, दमट हवा, बेभरवशाची वीज)

खाडीपलीकडचा:
नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यात राहतो. सलून बाजारपेठेत, म्हणजे एसटी नाहीतर रिक्षा आली. श्रावण पाळणारे बरेच, त्यामुळे चतुर्थीच्या तोंडावर सगळं गाव एकदमच न्हाव्याकडे, त्यात चाकरमानी उतरलेले. अर्धा दिवस जातो. म्हणून घरीच कापावेत म्हणतोय. साधा बारीक कट, फॅशन नको. दाढीचा ट्रिमर आहे, तो चालेल? नाहीतर वायरचं मशीन घेऊ की चार्जिंगचं?

माडाखाली:
ट्रिमर दाढीलाच ठेवा. त्याचं पातं अरुंद आणि मोटर लहान. डोक्याच्या दाट केसांत तो कापत नाही, ओढतो. रुंद पात्याचं क्लिपर घ्या.
वायरचं मशीन दणकट असतं, पण आपल्याकडे जुलैत लाइट गेली तर डोकं अर्धवट भादरलेलं राहील. मी चार्जिंगचंच घ्या म्हणेन, लिथियम बॅटरीचं. दुकानात एवढं विचारा की चार्जिंगला लावलेलं असताना मशीन चालतं का. काही चालतात, काही पिन लावली की बंद पडतात.

कातळशिल्प:
भावोजी अमेरिकेत आहेत, तिथून मागवू का? तिथली वायरची मशीनं भारी असतात म्हणे.

माडाखाली:
वायरचं तर नकोच. तिकडे 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झ, आपल्याकडे 230 आणि 50. थेट लावलंत तर जळेल. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ तेच राहतात. या मशीनमधली चुंबकाची मोटर हर्ट्झवरच थरथरते, त्यामुळे पातं मंद चालतं, नाहीतर नुसतं खडखडतं. दुबई-मस्कतहून कुणी आणलं तर निदान ही अडचण नाही, तिकडेही 50 हर्ट्झच. फक्त चौकोनी तीन पिनांना अ‍ॅडॉप्टर लागेल. चार्जिंगचं असेल तर चार्जरवर 100-240 छापलंय का बघा, मग कुठूनही आणा.

बंदररोड:
ब्रँडवर वाद घालण्यापेक्षा पात्याकडे बघा. किनाऱ्यावर मशीन मोटरीने मरत नाही, गंजाने मरतं. स्टेनलेस स्टीलचं पातं घ्या. सिरॅमिक गंजत नाही, तापतंही कमी, पण हातातून लादीवर पडलं की दात तुटलाच म्हणून समजा.
काम झालं की ब्रशने केस झाडायचे. पातं धुता येतं असं लिहिलं असेल तरी धुतल्यावर खडखडीत वाळू द्यायचं, मगच तेल. मशीन चालू ठेवून दातांवर दोन-तीन थेंब, जास्तीचं फडक्याने टिपायचं. काही मशीनवर तेलाची गरज नाही असं छापलेलं असतं, तिथे कंपनीचं ऐका. आणि बाथरूमच्या फळीवर ठेवू नका. औषधांच्या किंवा बुटांच्या खोक्यात ती दाणेदार पुडी येते ना, ती टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचं. पावसाळ्यात आमच्याकडे चामड्याच्या पट्ट्याला बुरशी धरते, पात्याचं काय घेऊन बसलात!

सातेरीचो:
खोबरेल घालू नको हां! थंडीत गोठता आणि पात्यात चिकाट बसता. शिलाई मशीनचा तेल घाल, थेंबभर.

खाडीपलीकडचा:
उपयोगी माहिती, आभार. आता पात्यावर बसवतात त्या कंगव्यांच्या नंबरांचं सांगा. आणि मागची बाजू कशी करायची?

बंदररोड:
बहुतेक मशीनना 1 नंबर म्हणजे केस 3 मिमी राहतात, 2 म्हणजे 6, 3 म्हणजे 10, 4 म्हणजे 13. तुम्हाला बाजूंना 2 आणि वर 4 शोभेल. पण सुरुवात सगळीकडे 4 ने करा. लांब राहिलेले पुन्हा कापता येतात.
केस कोरडे आणि बिनतेलाचे हवेत. चिकट केस कंगव्यात गोळा होतात. मशीन केसांच्या उलट दिशेने, सावकाश. भोवऱ्यावर केस गोल फिरलेले असतात, तिथे चारही बाजूंनी फिरवा. 2 आणि 4 च्या मध्ये पायरी दिसते, तिथे 3 लावायचा आणि हात वर नेता नेता मशीन डोक्यापासून बाहेर सोडायचं, आत दाबायचं नाही. मशीनच्या बाजूला खटका असेल तर तो उघडा ठेवल्यावर केस किंचित लांब राहतात. पायरी मिटवायला तोही कामाचा. आणि दरवेळी कंगवा टक् करून बसलाय ना, हे बोटाने चाचपून बघा. तो मधेच निसटला तर मागे सरळ पांढरा पट्टा.
कानाजवळ कान दुमडून धरायचा.

माडाखाली:
मागच्या बाजूला आरशाकडे पाठ करून हातात दुसरा आरसा धरतात. दोन आरशांत बघताना गोंधळ होतो, हात भलतीकडेच जातो. मानेवरची रेघ सरळ घरातल्या कुणाकडून तरी मारून घ्या.

कातळशिल्प:
वहिनींना आधी खूश ठेवा म्हणजे झालं 😄

पडवीत:
एक राहिलं. घरात कुणाला नायटा असेल तर त्याच्या डोक्यावर फिरवलेलं मशीन दुसऱ्याला लावू नका, मशीनवरून तो पसरतो. दमट हवेत बराही लवकर होत नाही. त्याच्यासाठी मशीन वेगळंच ठेवा आणि डॉक्टरला दाखवा.

खाडीपलीकडचा:
शनिवारी चिपळूणला जाणं आहे, तिथेच बघतो. दुकानात नेमकं काय तपासू?

बंदररोड:
पातं सुटं निघतं का, आणि तेच पातं वेगळं विकत मिळतं का. नसेल मिळत तर दुसरं दाखवा म्हणा. मग सुरू करून कानाशी धरा, आवाज एकसारखा यायला हवा. आणि पात्याकडे वरून बघा: हलणारं पातं खालच्या स्थिर पात्याच्या किंचित मागे हवं. पुढे आलेलं असेल तर मानेला ओरखडे काढील.

सातेरीचो:
आणि बिल घी रे, वॉरंटीक लागता.