'नूतनीकरण' म्हटलं की काम झालंसं वाटतं. दुसरा शब्द आहे का?

कोरीपाटी
रात्रपाळीच्या मंडळींसाठी सर्व्हरवरच्या सर्टिफिकेटांची (म्हणजे वेबसाइट खरी असल्याचा ब्राउझरला दाखवायचा ठरावीक मुदतीचा पुरावा) टिपणं मराठीत लिहितोय. बाकीचं कसंबसं जमलं, पण एका शब्दाने घात केला. (अ‍ॅन्सिबल म्हणजे यंत्रांची मांडणी आपोआप करणारं साधन.) माझं वाक्य होतं: "अ‍ॅन्सिबल रोज पहाटे चालतं. मुदत संपायला दहा दिवसांहून कमी उरले की सर्टिफिकेटचं नूतनीकरण होतं."

वाचणाऱ्याने अर्थ घेतला की नूतनीकरण झालं, विषय मिटला. मागच्या महिन्यात डिस्कवर फाइल नवीकोरी, अ‍ॅन्सिबल सगळं हिरवंगार दाखवतंय, आणि ब्राउझर मात्र मुदत संपली म्हणून अडून बसलेला. रात्रपाळीवाल्याने टिपण पुढे केलं: "इथे तर नूतनीकरण झालंय लिहिलंय." त्याला काय बोलणार? दुसरा शब्द सुचवा.

टर्मिनलवाला
आधी घडलं काय ते सांगतो, मग शब्दाचं बघू. एन्जिनएक्स असो की अपाचे, वेबसाइट पुरवणारे हे सर्व्हर सर्टिफिकेट सुरू होताना किंवा रीलोडच्या (सेटिंग पुन्हा वाचण्याच्या) वेळी वाचतात आणि मेमरीत धरून ठेवतात. डिस्कवरची फाइल बदलल्याचा त्यांना पत्ताही नसतो. म्हणून प्लेबुकमध्ये (अ‍ॅन्सिबलला दिलेल्या कामांच्या यादीत) फाइल ठेवणाऱ्या टास्कला हँडलर, म्हणजे बदल झाला तरच करायचं काम, जोडलेला असतो: फाइल बदलली तर सर्व्हिस रीलोड कर. पण हँडलर लगेच चालत नाही, प्लेच्या (कामांच्या त्या फेरीच्या) शेवटी चालतो. मधेच दुसरं एखादं टास्क त्या मशीनवर फसलं तर हँडलर राहून जातो. दुसऱ्या दिवशी अ‍ॅन्सिबल पुन्हा येतं, फाइल बघतं, 'हवी तशीच आहे, बदल नाही' म्हणतं. बदल नाही म्हणजे हँडलरला निरोप नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. जुनं सर्टिफिकेट मेमरीत आपलं मरेपर्यंत बसून. पैज लावतो, तुमच्याकडे हेच झालं.

कोरीपाटी
पैज जिंकलात. लॉग फिरवण्याचं टास्क फसलं होतं, ज्याचा सर्टिफिकेटशी काडीचा संबंध नव्हता.

मोडीवाचक
मग शब्दच चुकीचा आहे, नुसता अपुरा नाही. परवान्याचं नूतनीकरण करतो तेव्हा परवाना तोच राहतो, त्याच्यावर नवी तारीख पडते. सर्टिफिकेटमध्ये ते शक्यच नाही. मुदतीची तारीख सही केलेल्या मजकुराच्या आत असते. एक आकडा हलवला तरी सही जुळणार नाही. म्हणजे दर वेळी नवं सर्टिफिकेट, नवा अनुक्रमांक, नवी सही. जुन्याला कोणी हातही लावत नाही, ते आपल्या तारखेला मरतं.

जुन्या पत्रव्यवहारात यासाठी नेमका शब्द होता. पत्राला शिक्का वेगळा आणि मोर्तब वेगळं. मोर्तब मजकूर संपतो तिथे उठवायचं, म्हणजे त्याखाली कोणी चार ओळी घुसडू नयेत. शिवाजी महाराजांच्या मोर्तबावर 'मर्यादेयं विराजते' असंच आहे, ही इथे मर्यादा झाली. आज 'शिक्कामोर्तब' म्हणजे नुसती मंजुरी उरली आहे, पण डिजिटल सहीचं अर्धं काम हेच आहे: मजकूर इथे बंद झाला. म्हणून 'सही'पेक्षा मला 'मोर्तब' जवळचं वाटतं. कोणी वापरणार नाही हे माहीत आहे.

व्याकरणकिडा
नाहीच वापरणार. 'सही' चांगला आहे, दोन अक्षरांत काम होतं.
नूतनीकरणाऐवजी 'बदलणं' चालेल का? "सर्टिफिकेट बदलावं लागेल."

टर्मिनलवाला
"सर्टिफिकेट बदललंय" असा निरोप पहाटे तीनला आला तर मी अंथरुणातून उडी मारीन. कोणी बदललं? आत घुसलं का कोणी? छेडछाड आणि अदलाबदल या दोन्हींना आपण 'बदल'च म्हणतो. नको.

रात्रपाळी
ते टिपण वाचणाऱ्यांपैकी मी नव्हे, पण जातकुळी तीच. आम्हाला शब्द सुंदर नको, काय तपासायचं ते सांगणारा हवा. 'नूतनीकरण' हे एकच काम वाटतं. खरी दोन आहेत: नवं सर्टिफिकेट मिळवणं, आणि सर्व्हरने ते वापरायला घेणं. दोन कामांना दोन क्रियापदं द्या.

मोडीवाचक
बरोबर बोट ठेवलंत. दुसऱ्या कामाला 'रुजू होणं' घ्या. नव्या साहेबांच्या नेमणुकीचा आदेश निघतो, पण ते रुजू होईपर्यंत खुर्चीत जुनेच. डिस्कवरची फाइल म्हणजे आदेश, रीलोड म्हणजे रुजू होणं. शिवाय रुजूचा जुना अर्थ ताडून पाहिलेला, जुळलेला असाही आहे. हिशेबाची मूळ नोंदीशी गाठ घालणं म्हणजे रुजुवात. रोज पहाटे अ‍ॅन्सिबल करतं ती रुजुवातच: असायला हवं ते आणि आहे ते ताडून पाहणं.

व्याकरणकिडा
'रुजुवात' मस्त. आणि यांची रुजुवात नेमकी कुठे कमी पडली तेही दिसतं: फाइलशी ताडली, चालत्या सर्व्हरशी ताडलीच नाही.

आता माझी जुनी तक्रार. 'की', म्हणजे सही करायला आणि ती तपासायला लागणारी इंग्रजी key. मिटिंगमध्ये खरोखर ऐकलेलं वाक्य: "ही प्रायव्हेट की की पब्लिक की?" तीन की, त्यातली मधली उभयान्वयी. किल्ली म्हणा, चावी म्हणा, पण काहीतरी म्हणा.

टर्मिनलवाला
आम्ही बोलताना 'की'च म्हणतो, मधल्या 'की'चं 'का' करतो. लिहिताना किल्ली ठीक. 'कळ' मात्र नको, ती कीबोर्डची.

रात्रपाळी
आणखी एक शब्द आमच्या जिवावर उठला होता: 'मूळ प्रमाणपत्र'. टिपणात होतं, "यंत्रावर मूळ प्रमाणपत्र नसल्यास बसवावे." नव्या मुलाने मूळ म्हणजे ओरिजिनल धरलं आणि सर्व्हरच्या पहिल्या सर्टिफिकेटची प्रत शोधत बसला. त्याचं तरी काय चुकलं? मूळ प्रमाणपत्रे व छायांकित प्रती, हे वाचत तर मोठे झालो. हवं होतं ते साखळीच्या टोकाचं, ज्याच्यावर बाकी सर्टिफिकेटांचा विश्वास टेकलेला असतो ते. तेव्हापासून आम्ही सरळ 'रूट' लिहितो.

मोडीवाचक
'मुळाचं' म्हटलं तरी तो घोळ टळतो, पण रूट रूढ झालंय, राहू द्या. निदान त्या शब्दाने लोकांना धडा तरी दिला: ३० सप्टेंबर २०२१ ला डीएसटी रूट सीए एक्स३ या रूट सर्टिफिकेटची मुदत संपली, तेव्हा लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेटं देणाऱ्या संस्थेची सर्टिफिकेटं ताजी असूनही जुन्या यंत्रांवर कनेक्शन तुटायला लागली. साखळीच्या टोकाला कोण आहे हे बऱ्याच जणांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

व्याकरणकिडा
मुदत संपलेल्या सर्टिफिकेटला 'कालबाह्य' म्हणू नका, हीही विनंती. कालबाह्य म्हणजे काळाने मागे टाकलेलं. जुनी पद्धत कालबाह्य असते. काल दुपारपर्यंत चालत होतं ते कालबाह्य कसं? 'मुदत संपलेलं' पुरे. आणि 'अवैध' वाचलं की मला पोलिसांची धाड आठवते.

कोरीपाटी
लिहून घेतो. 'रिव्होक'ला 'रद्द' ठेवलंय, त्यावर कोणाचा आक्षेप नसावा.

पपेटचं, म्हणजे यंत्रांची मांडणी करणाऱ्या दुसऱ्या साधनाचं, काय करू? आमची अर्धी यंत्रं त्यावर आहेत. तिथे 'सर्टिफिकेट साइन करा' अशी पायरी आहे आणि लोक ती वेबसाइटच्या सर्टिफिकेटशी मिसळतात.

टर्मिनलवाला
ते सर्टिफिकेट यंत्राचं स्वतःचं ओळखपत्र असतं, पपेट सर्व्हरपुढे "मी तोच" सांगायला. वेबसाइटशी संबंध नाही. यंत्र अर्ज पाठवतं, पपेटचा आतला सीए (सर्टिफिकेट देणारा) त्यावर सही करतो. 'ओळखपत्र' हा शब्द तिथे राखून ठेव आणि वेबसाइटच्याला 'सर्टिफिकेट'च म्हण, गोंधळ थांबेल. त्या ओळखपत्राची मुदत डीफॉल्टनुसार ५ वर्षं, त्यामुळे ज्याने बसवलं तो माणूस बहुधा नोकरी सोडून गेलेला असतो. सॉल्ट या तशाच तिसऱ्या साधनात सही नसते, मास्टर (मुख्य सर्व्हर) मिनियनची (त्याच्या हाताखालच्या यंत्राची) किल्ली स्वीकारतो. तिथे 'स्वीकार' लिही.

कोरीपाटी
आणि 'आयडेम्पोटंट'?

व्याकरणकिडा
'पुनरावृत्तिनिरपेक्ष'.

रात्रपाळी
हे पहाटे तीनला फोनवर म्हणून दाखवा.

टर्मिनलवाला
"कितीदाही चालवा, बिघडत नाही." शब्द नको, वाक्य लिही. फक्त याच गुणाने तुझा घात केला हेही लक्षात ठेव. दुसऱ्यांदा चालवल्यावर टास्क गप्प बसलं, कारण गप्प बसणं हेच त्याचं काम. फसलेल्या प्लेमध्येही हँडलर चालवायची सोय आहे, ती सुरू कर. शिवाय प्लेबुकच्या शेवटी एक वेगळं टास्क टाक: चालत्या पोर्टला जोडून मिळालेल्या सर्टिफिकेटचा ठसा (त्यातून काढलेली ओळखीची खूण, फिंगरप्रिंट) फाइलच्या ठशाशी ताडायचा, जुळला नाही तर आरडाओरडा करायचा.

मोडीवाचक
हे लवकर केलेलं बरं. पूर्वी ३९८ दिवसांचं सर्टिफिकेट मिळायचं, वर्षातून एकदा धावपळ व्हायची. सर्टिफिकेट देणाऱ्यांच्या आणि ब्राउझरवाल्यांच्या सीए/ब्राउझर फोरमने एप्रिल २०२५ मध्ये ठरवल्याप्रमाणे १५ मार्च २०२६ पासून जास्तीत जास्त २०० दिवस, २०२७ मध्ये १००, आणि १५ मार्च २०२९ पासून ४७. हँडलर राहून जाण्याच्या संधीही तेवढ्याच पटीने वाढणार.

कोरीपाटी
नवं वाक्य: "मुदत संपायला दहा दिवसांहून कमी उरले की अ‍ॅन्सिबल नवं सर्टिफिकेट मिळवतं आणि रीलोड करून ते रुजू करतं. रुजू झालं की नाही ते ब्राउझरमध्ये पाहावं."

रात्रपाळी
दोन दुरुस्त्या. दहा दिवसांचे तीस करा, शनिवार-रविवार आणि रजा धरून. आणि ब्राउझरमध्ये नुसतं कुलूप दिसलं की आम्ही झोपायला जातो. कुलूप जुन्यालाही शेवटच्या दिवसापर्यंत दिसतं. 'मुदतीची नवी तारीख दिसते का ते पाहावं' असं लिहा.