पावसाळ्यात चेनला ९० नंबर की स्प्रे? (भांडण झालं तरी चालेल)

कुंभार्लीकर:
मी चिपळूणचा, कामासाठी आठवड्यातून दोनदा कुंभार्ली घाट चढून कराडला जातो. गाडी १५० सीसी, चेन उघडी. जून लागला की एकच रडगाणं, सकाळी निघताना चेनला वंगणाचा स्प्रे मारायचा आणि पाटण येईपर्यंत चेन कोरडी ठणठणीत, दुसऱ्या दिवशी बघावं तर कड्यांवर लाल गंज आणि चाक फिरवलं की कर्रकर्र. दोन पावसाळे हेच केलं, शेवटी चेन सेट बदलावा लागला. गेल्या वर्षापासून साधं ९० नंबरचं गिअर ऑईल लावतोय, गंज नाही, आवाज नाही. माझ्या मते कोकणातल्या पावसात स्प्रे म्हणजे पैसे अक्षरशः पाण्यात. ज्यांना पटत नाही त्यांनी बोला.

क्लचवायर:
नाही पटत. अहो सकाळी मारता तिथेच घोळ आहे. स्प्रेमध्ये लुब्रिकंट पातळ करायला सॉल्व्हंट असतं, म्हणून तो कडीत आतपर्यंत शिरतो, मग सॉल्व्हंट उडतं आणि मागे चिकट थर राहतो. त्याला वेळ द्यायला नको का? मारला आणि पाच मिनिटांत पावसात गाडी काढली तर धुऊनच जाणार. संध्याकाळी घरी आलात की चेन गरम असते, आधी फडक्याने पुसून कोरडी करा, मग मारा आणि रात्रभर सोडा. आणि ९० नंबर उडतं त्याचं काय, माझ्या मित्राची रिम काळी झाली होती. मागच्या टायरवर गेलं तर घाटातल्या ओल्या वळणावर काय होईल सांगायला नको.

कुंभार्लीकर:
मित्राने ओतलं असणार. मी दात घासायच्या जुन्या ब्रशने लावतो, चेनच्या खालच्या पट्ट्याला आतल्या बाजूने, म्हणजे चाक फिरलं की ऑईल बाहेर फेकलं जाताना कडीतूनच जातं. डबल स्टँडवर लावून चाक हाताने फिरवत थोडं थोडं, रात्री मुरू द्यायचं, सकाळी वरचं सगळं पुसून टाकायचं. हात लावला तर चेन जवळजवळ कोरडी वाटली पाहिजे.

क्लचवायर:
थांबा थांबा. म्हणजे ९० नंबर तुम्ही रात्री लावता आणि स्प्रे मात्र सकाळी मारत होतात? मग तुलना कसली राव 😂

कुंभार्लीकर:
हम्म. हे डोक्यात आलं नव्हतं खरं. पण तरी एका बाटलीत माझा अख्खा पावसाळा निघतो, स्प्रेच्या डब्यात निघत नाही.

जुनागडी:
तुमची दोघांचीही श्रीमंती चालू द्या. आमच्याकडे सर्व्हिसिंगला निघालेलं काळं ऑईल लावायचो, फुकट. वीस वर्षं गाड्या चालवल्या, काही बिघडलं नाही.

क्लचवायर:
काका, त्या काळ्या ऑईलमध्ये इंजिनाच्या धातूचा कीस आणि कार्बन असतो, ते लावणं म्हणजे चेनला पॉलिश पेपर घासणं. वीस वर्षांत चेन सेट किती बदलले ते पण सांगा की.

जुनागडी:
मोजले नाहीत बाबा. पण तेव्हा आमच्या गाडीला पूर्ण बंद चेन कव्हर होतं, चिखल आत जायचाच नाही. तुम्ही लुकसाठी उघड्या चेनी घेता आणि मग ऑईलवरून भांडता.

सीसीटीएम:
काकांचा हा मुद्दा एक नंबर. घरी वडिलांची १०० सीसी आहे, कव्हरवाली, पावसाळ्यात तिच्या चेनकडे कोणी बघतही नाही आणि ती माझ्या गाडीपेक्षा शांत पळते.
बाकी ओ-रिंग चेन असेल तर वाद अर्धा संपतो. पिनमधलं ग्रीस कारखान्यातच भरून रबरी रिंगांनी बंद केलेलं असतं, वरून काहीही लावलं तरी आत जात नाही. वरचं तेल फक्त गंज थांबवायला, रोलरला आणि रिंगा कोरड्या पडू नयेत म्हणून, ते रात्री लावलेलं ९० नंबर असो की स्प्रे. उलट साफ करताना लोक पेट्रोल आणि तारेचा ब्रश घेतात, रिंगा खराब तिथे होतात. थोडं रॉकेल आणि मऊ ब्रश पुरे. कुंभार्लीकर, तुमची कुठली?

कुंभार्लीकर:
साधी, बिनरिंगची. म्हणून तर दर दोन ट्रिपांनी लावावं लागतं.

सीसीटीएम:
मग ९० नंबरच ठीक, माझं मत तुमच्या बाजूला. फक्त लावायच्या आधी कड्यांमधली वाळू निघाली पाहिजे, नाहीतर वाळू आणि ऑईल मिळून खलबत्ता होतो.

क्लचवायर:
एक गोष्ट वाद बाजूला ठेवून सांगतो, कोणीही इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये चाक फिरवत चेन पुसू नका. आमच्या गल्लीतल्या पोराचं फडकं अडकलं, फडक्यामागे बोट गेलं. दीड पेर नाही आता. चाक हातानेच फिरवा, दोन मिनिटं जास्त लागतात.

कुंभार्लीकर:
बाप रे. मी हातानेच फिरवतो.
बरं, स्प्रेचा एक डबा अर्धा पडलाय घरात. या आठवड्यात रात्री मारून बघतो, गुरुवारी कराडहून आलो की चेनचा फोटो टाकतो. आणि काका, १५० ला बंद कव्हर कुठलं बसतं माहितीये का?

जुनागडी:
जुन्या बाजारात बघ, पण ब्रॅकेट वेल्डिंग करून घ्यावं लागेल. लुक जाईल हां.