मदत हवी आहे: हवाईत मांटा रे स्कूबा की स्नॉर्केल?

हवाईच्या बिग आयलंडवर सहा रात्री आहेत. उतरायचं पश्चिम किनाऱ्यावरच्या कोनाला, परतीचं विमान पूर्वेकडच्या हिलोहून. तिकिटं बदलता येणार नाहीत. मांटा रे (पंखांसारखे कल्ले असलेला मोठा मासा) बघायला रात्रीचा स्कूबा, म्हणजे हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाणं, किलाउएआ इकी या ज्वालामुखी विवराचा ट्रेक आणि मौना केआ पर्वत, एवढं बसवायचंय.

घोडं अडलंय उंचीपाशी. रात्रीच्या ट्रिपमध्ये दोन डाइव्ह असतात. त्यानंतर किमान 18 तास 600 मीटरच्या वर जायचं नाही, नाहीतर शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा धोका. मौना केआ 4,207 मीटर, ते तर उघडच आहे. पण हिलोकडे जाणारा सॅडल रोडही 2,000 मीटरवर चढतो, आणि वायमेआमार्गे गेलं तरी 800 मीटर होतातच! म्हणजे डाइव्हनंतरचा अख्खा दिवस कोनाच्या किनाऱ्यावरच काढावा लागेल.

सगळ्यांकडे ओपन वॉटर (स्कूबाचं प्राथमिक) सर्टिफिकेट आहे. मौना केआसाठी फोर-बाय-फोर ठरली आहे, वाटेत उंचीची सवय व्हायला व्हिजिटर स्टेशनला अर्धा तास थांबणारच आहोत.

स्नॉर्केल (पाण्यावर तरंगत नळीने श्वास घेत बघणं) केलं तर उंचीचं बंधन उरत नाही, तो दिवस ज्वालामुखीला देता येईल. ज्यांनी दोन्ही केलंय त्यांनी सांगा: तरंगत्या, दिवे लावलेल्या फळीला धरून वरून मांटा तितकेच जवळून दिसतात का, की तळाशी बसून बघण्यासाठी एक दिवस खर्ची घालावा?