डील्स स्ट्रॅटेजी गटाची केस मुलाखत: लेखापरीक्षणातून येणाऱ्याने तयारी कशी करावी?

ताळेबंद_पुणे

नमस्कार. मी सनदी लेखापाल असून गेली तीन वर्षे पुण्यात वैधानिक लेखापरीक्षणाचे काम करीत आहे. एका मोठ्या सल्लागार कंपनीच्या मुंबईतील डील्स स्ट्रॅटेजी गटाकडून, म्हणजे कंपन्यांच्या खरेदी-विक्रीवर सल्ला देणाऱ्या गटाकडून, मला मुलाखतीचे बोलावणे आले असून अडीच आठवड्यांनी केसच्या (व्यवसायाची एखादी समस्या मुलाखतीतच तोंडी सोडवण्याच्या) दोन फेऱ्या होणार आहेत. नफा का घटला, नव्या बाजारात उतरावे का, अशा नेहमीच्या तीसेक केस मी सोडवून पाहिल्या आणि त्यांचे साचे आता पाठ झाले आहेत. काल सराव घेणाऱ्या मित्राने माझे सगळे विवेचन शांतपणे ऐकून घेतले आणि शेवटी एवढेच विचारले, "बरं, मग ही कंपनी किती रुपयांना घ्यायची?" माझ्यापाशी उत्तर नव्हते.

या गटाची केस नेहमीच्या केसपेक्षा नेमकी कुठे वेगळी असते, मूल्यांकन किती खोलात विचारतात आणि लेखापरीक्षणाचा अनुभव तिथे उपयोगी ठरतो की अडचणीचा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना_डीलवाला

आपल्या मित्राने योग्य ठिकाणी बोट ठेवले आहे. नेहमीच्या स्ट्रॅटेजी प्रकल्पात ग्राहकाला स्वतःचा व्यवसाय सुधारायचा असतो. इथे त्याला दुसऱ्याचा व्यवसाय विकत घ्यायचा असतो, बोली लावण्याची तारीख ठरलेली असते, हाताशी बहुधा तीन-चार आठवडे असतात आणि विक्रेत्याने दिलेल्या आराखड्यात पुढची पाच वर्षे विक्रीची रेषा हमखास वर चढत गेलेली असते. त्या रेषेचा कोणता भाग खरा मानायचा आणि जो खरा वाटत नाही त्यापोटी किमतीतून किती कापायचे, हे सांगणे म्हणजेच कमर्शियल ड्यू डिलिजन्स. म्हणून बाजारपेठ, स्पर्धक, ग्राहक अशी खोकी आखून थांबू नका. प्रत्येक निष्कर्ष रुपयांपर्यंत नेऊन पोचवा.

सरावासाठी एक खरा व्यवहार घ्या. जून २०२१ मध्ये ऑनलाइन औषधे विकणाऱ्या फार्मईझीच्या मूळ कंपनीने, म्हणजे एपीआय होल्डिंग्जने, रोगनिदान चाचण्या करणाऱ्या थायरोकेअरमधील ६६.१ टक्के हिस्सा प्रतिसमभाग १,३०० रुपये दराने, एकूण ४,५४६ कोटी रुपयांना घेण्याचा करार केला. सेबीच्या नियमांनुसार आणखी २६ टक्क्यांसाठी बाकीच्या भागधारकांना खुला देकारही (ओपन ऑफर) द्यावा लागला. दोन-तृतीयांश हिश्श्याला साडेचार हजार कोटी, म्हणजे पूर्ण कंपनीचे मूल्य सुमारे ६,९०० कोटी, हा हिशेब आपण कागद न उचलता करू शकलात तर सुरुवात चांगली झाली असे समजा.

त्यानंतरचा पहिला प्रश्न आपल्याच शेतातला आहे. ज्या वर्षाच्या नफ्यावर ही किंमत बेतली त्यात कोविड चाचण्यांचे उत्पन्न मिसळलेले होते. हिशेबाच्या दृष्टीने ते उत्पन्न शंभर टक्के खरे असले तरी पुढच्या वर्षी ते येईलच असे नाही. लेखापरीक्षक 'झाले ते बरोबर नोंदले का' असे विचारतो, तर इथे 'झाले ते पुन्हा होईल का' असे विचारायचे असते. संशय तोच, फक्त त्याचे तोंड भविष्याकडे वळवायचे.

दुसरा प्रश्न व्यवसायाच्या चालीचा. थायरोकेअरची रचना अशी की देशभरातील नमुना-संकलन केंद्रे आणि छोट्या प्रयोगशाळा नमुने पाठवतात, त्यांतले बरेचसे विमानाने तुर्भ्याच्या मध्यवर्ती प्रयोगशाळेत येतात आणि रात्रीतून तपासले जातात. यंत्रे भरून चालतात म्हणून दर चाचणीचा खर्च कमी, आणि खर्च कमी म्हणून दर कमी. आता, रुग्णाला मोबाइलवरून थेट चाचणी विकणाऱ्या कंपनीने हा व्यवसाय घेतला तर नमुने पाठवणाऱ्या छोट्या प्रयोगशाळा तिच्याकडे भागीदार म्हणून पाहतील की प्रतिस्पर्धी म्हणून? हा प्रश्न स्वतःहून काढणारा उमेदवार मुलाखत घेणाऱ्याच्या लक्षात राहतो.

तिसरी पायरी रुपयांची. आकडे गृहीत धरून सांगतो. विक्री १०० कोटी, खर्च ६५ कोटी, नफा ३५ कोटी. स्पर्धेमुळे दर दहा टक्क्यांनी उतरले आणि खर्च तेवढाच राहिला, तर नफा २५ कोटींवर येतो. दरातील दहा टक्क्यांची घट नफ्यात जवळजवळ तीस टक्क्यांची होते आणि नफ्याच्या वीसपट किंमत मोजली असेल तर मूल्यातून २०० कोटी जातात. मूल्यांकन एवढ्याच खोलीचे पुरते. भविष्यात येणाऱ्या रोकडीचे आजचे मूल्य काढणारी सविस्तर तक्तेवारी कोणी तोंडी विचारत नाही.

पुढे दोन वर्षांत थायरोकेअरचा बाजारभाव त्या १,३०० रुपयांच्या निम्म्याहून खाली आला होता. मागाहून शहाणपण सांगणे सोपे असते, हे मान्य आहे, परंतु त्या वेळी कोणते प्रश्न विचारता आले असते हे शोधणे हा चांगला अभ्यास आहे.

ठाणेकर_लंडन

वरील विवेचन उत्तम आहे, पण त्यात सिनर्जीची, म्हणजे दोन कंपन्या एकत्र आल्याने होणाऱ्या जादा लाभाची, बाजू राहून गेली. घेणारी खासगी गुंतवणूक संस्था असेल तर केस बहुधा परताव्यावर येते, आणि त्यासाठी पाच वर्षांचे तीन आकडे डोक्यात असावेत: पैसे दुप्पट झाले तर वार्षिक परतावा सुमारे १५ टक्के, अडीचपट झाले तर २०, तिप्पट झाले तर २५. घेणारी मात्र त्याच क्षेत्रातील कंपनी असेल तर गाडी सिनर्जीवर येते, आणि उमेदवार तिथेच घसरतात.

हिंदुस्थान युनिलिव्हर आणि हॉर्लिक्स बनवणाऱ्या ग्लॅक्सोच्या ग्राहकोपयोगी कंपनीचे विलीनीकरण पाहा. डिसेंबर २०१८ मध्ये घोषणा झाली, मूल्य ३१,७०० कोटी रुपये, ग्लॅक्सोच्या कंपनीच्या एका समभागामागे हिंदुस्थान युनिलिव्हरचे ४.३९ समभाग, एप्रिल २०२० मध्ये व्यवहार पूर्ण झाला. हॉर्लिक्सचा खप मुख्यतः दक्षिण आणि पूर्व भारतात होता, तर घेणाऱ्या कंपनीचे वितरणाचे जाळे देशभर पसरलेले. "जाळे मोठे, म्हणून विक्री वाढेल" असे म्हणून उमेदवार मोकळा होतो. खरे काम त्यानंतर सुरू होते. दुकाने किती वाढतील, त्यांतल्या किती दुकानांत दुधात घालायच्या पुडीला गिऱ्हाईक आहे, ज्या घरात ही सवयच नाही तिथे छोटे पाकीट चालेल का, आणि हे सगळे कितव्या वर्षी दिसेल? खर्चातील बचत घेणाऱ्याच्या हातात असते आणि विक्रीतील वाढ गिऱ्हाइकाच्या, म्हणून पहिली बरीचशी धरावी आणि दुसरीला मोठी कात्री लावावी. शिवाय सगळी सिनर्जी किमतीतच देऊन टाकली तर तिचा फायदा विक्रेत्याच्या भागधारकांना झाला, घेणाऱ्याला नव्हे.

ताळेबंद_पुणे

दोघांचेही मनःपूर्वक आभार. एक शंका उरते. "ही कंपनी घेऊ नका" असे उत्तर मुलाखतीत द्यावे का? ग्राहकाने व्यवहार करायचा ठरवलेला असताना नकार देणे उद्धटपणाचे वाटेल का?

जुना_डीलवाला

अजिबात नाही, मात्र नुसते "घेऊ नका" हे अर्धे उत्तर झाले. "या किमतीला घेऊ नका, कोविडचे उत्पन्न वगळून अमुक किमतीपर्यंत घ्या, विक्रेता अडून बसला तर काही रक्कम पुढच्या दोन वर्षांच्या नफ्याशी बांधून द्या," असे सांगितलेत तर मुलाखत घेणारा आपल्याशी वाद घालू लागेल, आणि ते चांगले लक्षण आहे. त्याने नवा आकडा पुढे केला तर मत बदलायला कचरू नका. कोणत्या आकड्यामुळे बदलले एवढे स्पष्ट सांगा.

आणखी एक तयारी ठेवा. शेवटी बहुधा विचारतात, "आणखी एक आठवडा मिळाला तर काय कराल?" यावर "अधिक संशोधन करू" हे उत्तर देऊ नका. मी असतो तर म्हणालो असतो की नमुने पाठवणाऱ्या वीस छोट्या प्रयोगशाळांना फोन लावीन, त्यांतल्या निम्म्या महाराष्ट्राबाहेरच्या घेईन, आणि प्रत्येकाला विचारीन की तुर्भ्याला नमुने पाठवणे बंद करायचे ठरवलेत तर दुसरीकडे जायला किती दिवस लागतील.