मदत हवी आहे : उधारी आणि ४५ दिवसांचा कायदा, प्रश्नावली कशी करू?

नमस्कार मंडळी. मी जळगावला पीएचडी करतेय. विषय : थकलेली उधारी आणि छोट्या कारखानदारांचं वागणं.

२००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्यानुसार लेखी करार असला तरी सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या बँक रेटच्या तिप्पट, तेही मासिक चक्रवाढ व्याज. इतकं हत्यार हातात असून माणसं ते का उचलत नाहीत, हा माझा प्रश्न.

एमआयडीसीत चटई बनवणाऱ्या एका काकांनी ड्रॉवरमधून लाल कापडी बांधणीची वही काढली. सात महिन्यांची बाकी होती. तक्रार का नाही केली विचारलं तर म्हणाले, "आपलाच माणूस शे." पण माझ्या छापील फॉर्मवर त्यांनीच "कायदेशीर मार्ग वापरेन" पुढे "पूर्ण सहमत"वर खूण केली! असं बऱ्याच जणांचं झालंय.

काहनेमान-ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलं की नुकसान फायद्यापेक्षा जास्त बोचतं. इथे मोठं नुकसान गिऱ्हाईक तुटण्याचं वाटत असावं. पण ते फॉर्मवर उमटत नाही.

म्हणून विचारते : "तुमच्या जागी दुसरा असता तर" अशा काल्पनिक प्रसंगांवरून प्रश्न विचारावेत का? कोणी प्रश्नावली अहिराणीत केलीय का, उत्तरांत फरक पडला का? आणि वहीतल्या नोंदी माहिती म्हणून घ्यायच्या तर संमतिपत्र कसं लिहावं? एखादा नमुना असेल तर कृपया पाठवा, पुढच्या महिन्यात धुळ्याची फेरी आहे.