सोडायचंच असेल तर वर्ष पदरात पाडून सोडा

कॉलेज अर्धवट सोडून नोकरी धरावी का, या चर्चेत 'कॉलेज मध्येच सोडलं की झालेली वर्षं पाण्यात' असं दोघांनी म्हटलंय. जुन्या पॅटर्नला ते खरं होतं. आता बीए, बीकॉम, बीएस्सी २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे असेल, तर पहिलं वर्ष पूर्ण करून बाहेर पडल्यास सर्टिफिकेट मिळतं, दुसरं झाल्यावर डिप्लोमा. त्यासाठी ४ क्रेडिटचा (क्रेडिट म्हणजे पूर्ण केलेल्या अभ्यासाचं मोजमाप) एक व्यावसायिक कोर्स जास्तीचा करावा लागतो, हे बऱ्याच पोरांना कुणी सांगतच नाही. नंतर ३ वर्षांच्या आत परत प्रवेश घेता येतो आणि एकूण ७ वर्षांत पदवी पूर्ण करायची. मिळवलेले क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या सरकारी ऑनलाइन नोंदणीतल्या आपल्या खात्यात जमा राहतात, ते खातं उघडलंय का तेवढं आधी बघा.

माझा भाचा जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात लागला, तोही दुसऱ्या वर्षाची परीक्षा तोंडावर असताना. 'शिकीसन काय भेटस?' हे त्याचं पालुपद. रात्रपाळी आणि ओव्हरटाइम धरून पहिले काही महिने हातात पैसा बरा आला, नाही म्हणत नाही. पण नाव ठेकेदाराच्या हजेरीपुस्तकात. सुपरवायझरची जागा निघाली तेव्हा पहिला प्रश्न आला, ग्रॅज्युएट आहेस का? त्यामुळे पगाराच्या आकड्याआधी विचारा की नोकरी कंपनीच्या पेरोलवर आहे की ठेक्यावर, आणि पीएफ कापला जातो का.