लिहिलेला खर्च आणि खात्यातली शिल्लक जुळत नाही, मग बजेट कशावर बांधायचं?

कोरी_वही

घरात दोघं कमावते. तीन महिने रोजचा खर्च लिहून काढलाय. महिन्याची जमा १०० धरली तर वहीत खर्च ८५ निघतो, म्हणजे १५ उरायला हवेत. बँकेत मात्र पहिल्या तारखेपेक्षा अखेरच्या तारखेला जेमतेम ४ जास्त दिसतात. मधल्या ११ चा पत्ता नाही.

आणखी दोन शंका. कार्डाने केलेली खरेदी त्याच दिवशी लिहायची की बिल भरलं त्या दिवशी? आणि एटीएममधून काढलेली रोख खर्चात धरायची का? सध्या मनाला येईल तसं चाललंय. हे आकडे घेऊन बजेट करण्यात अर्थ आहे का?

ताळेबंद

बजेट नंतर. आधी ताळा जुळवा.

फक्त बँकेतली शिल्लक बघताय, घोळ तिथेच आहे. घरातला पैसा जिथे जिथे पडून असतो त्या सगळ्या जागा एका कागदावर मांडा: दोघांची सगळी खाती, पाकिटातली आणि कपाटातली रोख, मोबाइल वॉलेट. कार्डावरची बाकी वजा चिन्हाने मांडा, कारण ते देणं आहे. महिन्याच्या शेवटच्या रात्री प्रत्येकापुढे आकडा लिहा. पहिल्या तारखेचेही आकडे असू द्या. मग आरंभीची एकूण शिल्लक, अधिक जमा, वजा खर्च, हे अखेरच्या एकूण शिल्लकेइतकं आलं पाहिजे.

समजा सुरुवातीला बँकेत ६०, रोख ५, कार्डाचं देणं २०. एकूण ४५. अखेरीला बँकेत ६४, रोख ३, देणं १४. एकूण ५३. बँकेत ४ च वाढले, रोख २ ने घटली, पण देणं ६ ने उतरलं. म्हणजे खरी वाढ ८ ची. अशा वेळी हरवलेले ११ नसतात, ७ असतात.

कार्डाची खरेदी खरेदीच्याच तारखेला लिहा. बिल भरणं हा खर्च नाही, एका खिशातून दुसऱ्या खिशातलं देणं फेडणं आहे. दोन्ही लिहिलंत तर तोच खर्च दोनदा पडेल. फक्त बिलातलं व्याज आणि विलंब शुल्क तेवढं खर्चात जाईल. एटीएमचंही तसंच: पैसे बँकेतून पाकिटात आले, घरातच आहेत. पाकिटातून गेले की खर्च. आपल्याच दोन खात्यांतली उलाढाल जमेतही नाही, खर्चातही नाही. त्यासाठी ‘वळती’ असा वेगळा शेरा ठेवा. वस्तू परत करून पैसे आले तर ते जमेला धरू नका, ज्या वर्गात खरेदी लिहिली होती त्याच वर्गात वजा करा. नाहीतर उत्पन्नही फुगतं आणि खर्चही.

फरक शोधायच्या दोन जुन्या युक्त्या. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर बहुतेक आकड्यांची अदलाबदल झालेली असते (५४ चे ४५) किंवा एक शून्य कमी-जास्त पडलेलं असतं. आणि फरकाच्या बरोबर निम्मी रक्कम कुठे दिसते का पाहा. दिसली तर खर्चाची नोंद जमेत किंवा जमेची खर्चात गेलेली असण्याची शक्यता मोठी.

पावती

वरच्याशी सहमत. रोखीबद्दल थोडी भर: प्रत्येक नाणं लिहायच्या फंदात पडू नका. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, पाकीट मोजा. मागच्या मोजणीच्या आकड्यात त्यानंतर काढलेली रोख मिळवा, लिहिलेला रोखीचा खर्च वजा करा. त्या उत्तरात आणि आत्ता मोजलेल्या रोखीत जी तफावत उरेल ती ‘किरकोळ रोख’ म्हणून एका ओळीत टाकून मोकळे व्हा. महिनाभराने मोजलंत तर काही आठवत नाही, रोज मोजलंत तर दहाव्या दिवशी वही बंद पडते. एकूण तफावत महिन्याच्या खर्चाच्या १-२ टक्क्यांच्या आत असेल तर तिच्यामागे संध्याकाळ घालवू नये. त्याहून जास्त असेल तर मात्र ते किरकोळ नाही, एखादी आख्खी बाब लिहायची राहून जातेय.

चौकट

वही सोडून संगणकावरच्या (एक्सेलसारख्या) शीटवर येणार असाल तर सहाच रकाने: तारीख, रक्कम, कुठून दिले (खातं/रोख/कार्ड), वर्ग, कोणी, टीप. एक व्यवहार एक ओळ. महिन्याला वेगळी शीट करू नका, वर्षभर एकाच यादीत लिहा आणि महिन्यावार बेरीज पिव्हॉट टेबलने (यादीतल्या नोंदी गटवार जमवून बेरीज करून देणारी शीटमधली सोय) काढा. बारा शीट केल्या की वर्षअखेरीला त्या एकत्र करण्यातच जीव जातो.

वर्ग दहा-बारा पुरेत. चाळीस केलेत तर प्रत्येक नोंदीला ‘हे कुठे टाकू’ म्हणून थांबाल आणि एकच खर्च एकदा इथे, एकदा तिथे पडेल. वर्गाचं नाव टाइप करू नका, ड्रॉपडाउन (ठरलेल्या नावांतून निवडायची यादी) लावा. ‘प्रवास’ आणि शेवटी एक मोकळी जागा राहिलेला ‘प्रवास ’ डोळ्यांना सारखेच दिसतात, पिव्हॉटला ते दोन वर्ग वाटतात. ‘इतर’ ठेवा, पण तो खर्चाच्या ५ टक्क्यांवर गेला की त्यात काय साठलंय ते उघडून बघा.

रकमेच्या रकान्यात नुसता आकडा हवा. ‘२५० अंदाजे’ असं लिहिलं की त्या चौकोनातला आकडा मजकूर होतो, बेरीज त्याला वगळते आणि चूक झाल्याचं सांगतही नाही. ओळखायची खूण: तुम्ही स्वतः मांडणी बदलली नसेल तर आकडे चौकोनात उजवीकडे चिकटतात, मजकूर डावीकडे. रकान्यावरून एकदा नजर फिरवा, डावीकडे सरकलेला दिसला की तोच चोर.

कोरी_वही

सगळ्यांचे आभार. ताळेबंद, तुम्ही ‘समजा’ म्हणून दिलेले आकडे आमच्या आकड्यांना इतके जवळचे निघाले की तेच धरून सांगते. ७ पैकी ४ दुसऱ्या खात्यातून आपोआप कापले जात होते (वर्गण्या आणि एक विम्याचा हप्ता), ते वहीत आलेच नव्हते. २ बचत खात्यातून वळवलेले जमेला धरले होते. १ रोखीत. म्हणजे जमा ९८, खर्च ९०, शिल्लक ८. जुळलं!

आता बजेटचे आकडे कसे ठरवायचे? तीन महिन्यांची सरासरी?

ताळेबंद

आपोआप कापले जाणारे पैसे कुणाच्या हातून जात नाहीत, म्हणून लिहिले जात नाहीत. ते रोज आठवून लिहायचे नसतातच. महिन्यातून दोनदा सगळ्या खात्यांचे उतारे समोर घेऊन वहीवर टिका मारा.

सरासरी जपून. एखाद्या वर्गात सहा महिन्यांत १८, १९, २०, २०, २१, ४० असे आकडे असतील तर सरासरी २३ येते, जी कुठल्याच महिन्यात खर्च झालेली नाही. चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घ्या: २०. ते ४० का झाले ते वेगळं तपासा. दरवर्षी येणारं असेल तर त्याची जागा वार्षिक खर्चात, पुन्हा कधी न येणारं असेल तर बजेटमध्ये नाही.

आठवड्याच्या खर्चाला ४ ने गुणू नका. वर्षात ५२ आठवडे, १२ महिने, म्हणजे महिन्याला ४.३३. आठवड्याला १० लागत असतील तर महिन्याचे ४० नव्हे, ४३ धरा. ४ ने गुणणाऱ्याच्या बजेटमधून वर्षाकाठी चार आठवड्यांचा खर्च गळालेला असतो, आणि तो मग ‘या महिन्यात जरा जास्तच झालं’ म्हणून नावावर येतो.

उंबरठा

मला इतकी बारीक नोंद आयुष्यभर करणं पटत नाही. तीन महिने करा, ताळा जुळला की सोपं करा: जमेतून ठरलेले खर्च (भाडं, हप्ते, फी, बिलं), वार्षिक खर्चाचा मासिक वाटा आणि बचत पहिल्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका. उरेल त्याला ४.३३ ने भागा. तो आठवड्याचा आकडा, त्यापलीकडे वर्गबिर्ग नाहीत. आणि दोघांना प्रत्येकी थोडा हातखर्च द्या, ज्याचा हिशेब कुणी कुणाला विचारायचा नाही. तो नसला की माणसं रकमा लपवतात किंवा ‘इतर’मध्ये ढकलतात, आणि मग ताळा कसा जमणार.

जमा दर महिन्याला वेगळी असेल तर गेल्या वर्षातल्या सगळ्यात कमी जमेच्या महिन्यावर घरखर्च बसवा. शक्य असेल तर या महिन्यात आलेलं पुढच्या महिन्यात वापरा. एक महिना मागे चाललं की ‘पैसे कधी येणार’ हा प्रश्नच बजेटमधून जातो.

कोरी_वही

वार्षिक खर्च आमचे दोनच मोठे: २४ चा चार महिन्यांवर आलाय, ३६ चा नऊ महिन्यांवर. एकूण ६०, भागिले १२, महिन्याला ५. उरतात ८, म्हणजे ३ शिल्लक?

ताळेबंद

पुढच्या वर्षापासून ५. या वर्षी नाही, कारण तुमच्याकडे १२ महिने नाहीतच. २४ भागिले ४ म्हणजे ६, ३६ भागिले ९ म्हणजे ४. पहिले चार महिने १० लागतील आणि तुमच्याकडे उरतात ८. ५ च्या हिशेबाने गेलात तर चौथ्या महिन्यात दोन्हींचे मिळून २० च जमलेले असतील, २४ चं बिल भरता येणार नाही आणि ३६ साठी काहीच उरणार नाही.

तुमच्या अखेरच्या ५३ मधून ८ आजच बाजूला काढा. मग २४ पैकी १६ च उरतात, महिन्याला ४. दोन्हींचे मिळून ८, नेमके बसतात. चार महिन्यांनी पहिलं बिल गेलं की त्याचा पुढच्या वर्षासाठीचा वाटा २ सुरू करा, दुसऱ्याचे ४ चालूच. तेव्हा ६. नऊ महिन्यांनंतर ५. पहिले चार महिने नवीन शिल्लक शून्य दिसेल. ती चूक समजून शोधत बसू नका.